कंदील कुणाच्या हातात

"हात तिचाच आहे," ताई म्हणाली. "झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन."

टीव्हीवर धुकं होतं, धुक्यात एका होडीचं टोक, आणि कंदील धरलेला, हातमोजा घातलेला एक हात. बस, एवढंच. 'कंदीलबेट' या गेमचा चौथा भाग येणार म्हणून कंपनीने ही चिमूटभर झलक दाखवली होती, आणि ठिकठिकाणचे चाहते आठवडाभर तिचा कीस पाडत बसले होते. तिसऱ्या भागाच्या शेवटी होडी समुद्रात गेली ती गेलीच. मग आता हा हात कुणाचा? जुन्याच सोबतिणीचा, की कुणी नवीन आलीय?

"नवीन आहे," भावजय म्हणाली. "जुनी सोबतीण कंदील डाव्या हातात धरते, ताई. हा उजवा आहे."

ताईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कंदील कुठल्या हातात असतो, हे आता हिने शिकवायचं! आणि हात खरंच उजवा होता, ते आणखीच झोंबलं.

'कंदीलबेट' दोघांनी मिळून खेळायचा गेम. एकाकडे तलवार, दुसऱ्याकडे कंदील. कंदीलवाल्याला ना वार करता येतो, ना कुणी त्याचं कौतुक करतं. पण तो पुढे झाला नाही तर तलवारवाल्याला पाय ठेवायला जागा दिसत नाही. धाकट्या भावाला कायम तलवारच हवी असायची, म्हणून शाळेत असल्यापासून कंदील ताईने धरला. पुढे चष्म्याच्या दुकानात दिवसभर भिंगं घासून डोळे चुरचुरायचे, तरी संध्याकाळी धरला. मग भावाचं लग्न झालं आणि सोफ्यावरच्या तिच्या जागेवर ही येऊन बसली. आयत्या बिळावर नागोबा!

पूर्वी नव्या भागाची नुसती अफवा उठली तरी भावाचा, तिच्या छोट्याचा, पहिला फोन तिला यायचा. या वेळी तिला झलक आल्याचं सांगितलं ते दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाने. तिला वाईट वाटलं, मग राग आला, आणि तो राग सरळ भावजयीवर गेला. भावावर रागवायची तिला सवयच नव्हती.

"डावा हात दुखावला असेल तिचा," ताई म्हणाली. "इतकी वर्षं होडीत काढली बाईने. म्हणून काय लगेच दुसरी आणायची?"

"कधीतरी नव्याने सुरू करायला नको का?"

"का? जुनीचं काय टोचतंय?"

"अगं, गेम आहे तो," मधे बसलेला भाऊ म्हणाला. दोघींपैकी कुणी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कुठल्याशा इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली होती, आणि लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला कसला आलाय रविवार. "आत माणसं आहेत? त्यांना म्हणावं, दार ओढू नका," असं बोलत तो गॅलरीत सटकला. सुटला बिचारा.

खोलीत दोघीच उरल्या. ताईने टीपॉयवरचा दुसरा कंट्रोलर उचलला आणि तिसरा भाग सुरू केला. नवीन येईपर्यंत नवरा-बायको तोच पुन्हा पुन्हा खेळत होते. कंदीलवालीच्या डोक्यावर खेळणारीचं नाव झळकतं; तिथे आता हिचं असणार. असू दे. एकदा डोळ्यांनी बघितलं की तोंडभर बोलायला आपण मोकळ्या.

पडद्यावर झुलता पूल आला. मागे तलवारवाला. पुढे कंदीलवाली, आणि तिच्या डोक्यावर पांढऱ्या अक्षरांत, 'ताई'.

ताईच्या छातीवरचा धोंडाच उतरला. तिला हसू आवरेना.

"छोट्याने पुसलं नाही बघ," ती म्हणाली. जरा मोठ्यानेच म्हणाली.

"पुसू देत नाही." भावजय उशीचा सुटलेला दोरा ओढत होती. "मी दोनदा विचारलं. म्हणाला, ते ताईचं आहे, तेवढं राहू दे."

ताईचं हसू ओसरलं. भावजय दोरा ओढतच बोलत राहिली.

"लग्न झाल्यापासून मी ताई म्हणूनच खेळते. माझा पाय घसरला तरी हा ओरडतो, ताई, सांभाळ! मी दरीत पडले की पडद्यावर येतं, ताई गेली. उठले की येतं, ताई परत आली." दोरा तुटला. "चांगलं खेळले ना, तर म्हणतो, अगदी ताईसारखं. मग मी काय म्हणणार? म्हटलं, चौथ्या भागात तरी नवीन येऊ दे."

ताई तिच्याकडे बघतच राहिली. इतके दिवस तिला वाटत होतं, या घरात जळणारी आपण एकटीच.

भाऊ गॅलरीतून आत आला. "निघाले एकदाचे सगळे बाहेर. काय, ठरलं का तुमचं? हात कुणाचा?"

ताईचं एक मन म्हणालं, गप्प बस. जागा तुझीच आहे, त्यानेच राखून ठेवलीय.

"नवीन आहे कुणीतरी," ताई म्हणाली. "उजवा हात आहे, माझंच लक्ष नव्हतं. आणि हे नावही बदल रे आता. ही खेळते ना?"

तिने कंट्रोलर भावजयीपुढे धरला. भावजयीने तो घेतला. म्हणजे घ्यायला गेली, पण तो सुटेना. ताईचा अंगठा अजून त्याच्यावर दाबलेलाच होता, आणि पडद्यावर 'ताई' कंदील घेऊन एकेक पाऊल पूल ओलांडत चालली होती.