मनानं लावलेलं अंतर

"वहिनी, तुमचं कोपर माझ्या बरगडीत घुसतंय."

"घुसू दे. दोघांत एकच चटई दिलीय. तुमच्या घरात मला याहून जास्त जागा कधी मिळाली होती?"

दीर हसला. त्याला हसणं परवडत होतं. नऊ फळ्यांवर नऊ गोळ्या लागल्या होत्या. दहावी लागली की संघात नाव. चुकली की पुन्हा वर्षभर वाट.

दोघंही चटईवर पालथी. त्याच्या खांद्याला रायफल, तिच्या डोळ्याला स्टँडवरची दुर्बीण. अंतर मोजायच्या यंत्राला बंदी. फळी मीटरभर उंच, अर्धा मीटर रुंद, एवढंच माहीत. दुर्बिणीतल्या बारीक रेघांत ती किती बसते ते बघायचं, मनातल्या मनात भागाकार करायचा आणि अंतर सांगायचं, हे तिचं काम. रायफलवरची चकती तेवढ्यावर फिरवून चाप ओढायचा, हे त्याचं. गेल्या वर्षापर्यंत दुर्बिणीला त्याचा मोठा भाऊ असायचा, म्हणजे तिचा नवरा. आज तो मागे दोरीपलीकडे, घडीच्या खुर्चीत, सासूबाईंच्या शेजारी बसला होता.

पंचांनी घड्याळ दाबलं. "दहावी फळी. तीन मिनिटं."

उन्हाच्या झळांत फळी पाण्यात उभी असल्यासारखी हलत होती. अशा वेळी उंची फसवते, रुंदी धरायची. हे तिला नवऱ्यानंच शिकवलं होतं, स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची दारं मोजायला लावून. तिनं रुंदी धरली. भागाकार केला. खात्रीसाठी पुन्हा केला.

आणि आकडा स्वतःजवळच ठेवला.

"किती?"

ती दुर्बिणीवरून हलली नाही.

"वहिनी, आकडा."

"देते की. आधी तुम्ही एक आकडा द्या. गेल्या वर्षी शेवटच्या फळीला ह्यांनी किती सांगितलं होतं?"

त्याचा गाल रायफलवरून उचलला गेला. "हे काय आत्ता?"

"एरवी तुम्ही सापडता कुठे?"

"दोन मिनिटं," पंच म्हणाले.

"दादाचे डोळे..." त्यानं सवयीनं सुरुवात केली आणि वाक्य तिथंच सोडलं.

"तीन डॉक्टर झाले, भाऊजी. तिघांनी डोळे ठणठणीत म्हणून लिहून दिलं. पण गोळी चुकली तेव्हा तुम्ही ह्यांच्या डोळ्यांना दोष दिलात, आणि ह्यांचा विश्वास डॉक्टरांवर नाही, तुमच्यावर. गाडी चालवणं सोडलं. रस्ता ओलांडताना माझा हात धरतात. परवा जिना उतरताना पायऱ्या मोजत होते, मोठ्यानं."

"अंतर मी मनानं लावतो."

"लावा की. गेल्या वर्षी लावलंतच."

त्यानं चकतीला बोट लावलं. दोन खटके पुढे, एक मागे. समोर फळी एकदा जवळ येत होती, एकदा लांब जात होती. त्यानं बोट काढून घेतलं.

"एक मिनिट."

"वहिनी, पाया पडतो."

"पडलेलेच आहात. आकडा सांगा."

तो चटईशी पुटपुटला, "सातशे चाळीस."

"आणि चकती कितीवर होती?"

"सहाशे ऐंशी."

"माझ्या कानात काय सांगता? त्या दिवशी रायफल पेटीत मीच ठेवली, चकती तशीच होती. सासूबाईंना मी दाखवली, त्या म्हणाल्या, घरातलं घरात राहू दे. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, तू बायको, तू माझ्याच बाजूनं बोलणार."

"तीस सेकंद." पंचांनी नजर घड्याळावरून उचलली नाही, पण ओठांजवळ आणलेली शिट्टी जरा लांब धरली. गेल्या वर्षीही पंच तेच होते, याच जागी उभे.

दिराच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम रायफलवर टपकला. "आत्ता आकडा द्या, रात्री घरी सगळ्यांसमोर बोलतो. शपथ."

"घरात तुमची आई आहे. त्या बोलू देणार नाहीत." तिनं दुर्बिणीवरून डोळा काढला आणि पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "इथंच, भाऊजी. मोठ्यानं. साठ पावलांवर बसलेत ते. एवढं अंतर तरी नीट धरा."

त्यानं रायफल तशीच टेकवली, कोपरांवर उठला आणि मान मागे वळवली. दोरीपलीकडे सासूबाई खुर्चीतून अर्धवट उठल्या होत्या.

"दादा! तुझे डोळे चांगले आहेत! तू बरोबर सांगितलं होतंस, मी लावलं नाही!"