पॉइंटच्या पुढचं

"दोन किलो!" हेमंत सर खुर्चीतून अर्धे उठले. "प्रेमलताची डझनभर संत्री दोन किलो. आणि चंद्रकलाची… दोन किलो! सारखीच!"

चपला बाहेर काढून आणि हात साबणानं धुऊन कॉम्प्युटरच्या खोलीत बसलेल्या त्या दोघीच मुली. रविवारी पांढुर्ण्याच्या संत्रा प्रदर्शनात कॉम्प्युटरच्या मशीनपुढे शाळेची एकच मुलगी बसणार होती. सरांना दोघींतून निवडता येईना. मग त्यांनीच डोकं चालवलं : घरून एकेक डझन संत्री आणा, वजनाची चिठ्ठी आणा, वजनं मशीनमध्ये भरू, मशीन जिची जड म्हणेल ती बसेल.

आणि आता मशीनलाही निवडता येईना.

"मग दोघी बसा," सर हसले. "अर्धा वेळ ही, अर्धा वेळ ती. मशीन काही खोटं बोलत नाही."

चंद्रकला हसली. प्रेमलता कशाला हसते!

अर्धा वेळ! तोही कोणाबरोबर, तर रामाकोन्याहून एसटीनं येणाऱ्या या चंद्रकलाबरोबर. हिची बोटं कीबोर्डच्या कळांवरून न बघता पळायची. प्रेमलतानं पुठ्ठ्यावर सगळ्या कळा काढून घरी रोज सराव केला, तरी तिला प्रत्येक अक्षर हुडकावं लागे. परवा तर सर सगळ्यांसमोर म्हणाले, "चंद्रकलाचं पाहा जरा." मिरची चावल्यासारखं ते वाक्य अजून जिभेवर होतं. आणि संत्री? प्रेमलताच्या बाबांचा सौंसरात संत्र्यांचाच धंदा. दिवाणजी केशवरावांना भंडावून, अख्खं गोदाम उपसून तिनं बारा फळं निवडली होती. काट्यावर दोन किलो चारशे ग्रॅम भरली. तिनं स्वतः पाहिलं होतं. मग चारशे ग्रॅम गेले कुठे?

"सर, प्रोग्राम पाहू का?"

"कायले वं?" चंद्रकला म्हणाली. तिचा हात कळांवरच होता. "दोघी बसू ना. मजा येईन."

"तू सरक जरा. मी पाहून राहिली ना."

चंद्रकला सरकली.

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं चढत गेली. प्रत्येक टोपलीची नोंद ठेवायचा हा साचा चंद्रकलानंच लिहिलेला. त्यात तीन डबे : नाव, संत्र्यांचा बहार म्हणजे हंगाम, वजन. कोणत्या डब्यात काय राहील ते आधी ठरवायचं, हे सरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. डब्याला डॉलरचं चिन्ह लावलं की त्यात अक्षरं. टक्क्याचं चिन्ह लावलं की नुसता पूर्ण आकडा. काहीच लावलं नाही तर पॉइंटवाला आकडाही चालतो.

प्रेमलता पडद्यावर बोट ठेवत एकेक ओळ खाली आली. नाव, डॉलर. बरोबर. बहार, डॉलर. बरोबर. वजन…

"सर! हे पाहा! हिनं वजनाच्या डब्याले टक्का लावला!" आनंदाच्या भरात ती सरांशीही घरच्यासारखीच बोलली. "पॉइंटच्या पुढचं सारं कापलं न मशीननं! माझं दोन पॉइंट चार होतं, सर. त्याचं दोनच उरलं!"

सर पडद्याजवळ वाकले. "अरेच्चा! खरंच की. चंद्रकला, तुझ्याकडून अशी चूक?"

"झाली, सर," चंद्रकला पायाच्या अंगठ्याकडे पाहत म्हणाली.

"शाब्बास, प्रेमलता! काढ तो टक्का. आणि वजनं आता तूच भर."

शाब्बास! प्रेमलता खुर्चीत अशी बसली की दुसऱ्या कोणाला तिथे टेकायलाही जागा राहू नये. टक्का पुसायची कळ तिला आज पहिल्याच झटक्यात सापडली.

मघा चंद्रकलानं ज्या पाहून वजनं भरली होती, त्याच दोन चिठ्ठ्या सरांनी खिशातून काढल्या.

"प्रेमलता. दोन पॉइंट चार."

टक. टक. टक.

"चंद्रकला. दोन पॉइंट…" सरांनी चिठ्ठी खिडकीच्या उजेडाकडे धरली. "सहा पाच."

प्रेमलताचं बोट हवेतच राहिलं.

"सहा," सर म्हणाले. "वरच्या रांगेत बघ. तिथंच आहे."

तिनं सहा दाबला. मग पाच. ती कळ तिला नेहमीपेक्षा घट्ट वाटली.

पडद्यावर आधी चंद्रकलाचं नाव आलं. खाली प्रेमलताचं.

"लागला निकाल!" सरांनी टाळी वाजवली. "रविवारी चंद्रकला बसेल. पण आता असल्या चुका नको हं, बाई." दारातून कवडू चपराशानं चहा झाल्याचं सांगितलं, तसे सर चपला घालायला बाहेर वळले.

वर पंखा घरघरत होता. प्रेमलता खुर्चीतून उठली नाही. कॅलेंडरकडे बघावं तशी ती पडद्याकडे बघत राहिली.

"काय वं," ती शेवटी म्हणाली, "मघा दोन्ही चिठ्ठ्या तूच वाचल्या होत्या न?"

"हाव."

"मग?"

चंद्रकला खुर्चीच्या मागून वाकली. तिची वेणी प्रेमलताच्या खांद्यावर आली. न बघताच तिचं एक बोट शिफ्टवर गेलं आणि दुसरं पाचाच्या कळेवर. पाचाच्या डोक्यावर टक्क्याचं चिन्ह होतं.

"सर चपला घालून राहिले," ती हळूच म्हणाली. "लावू काय परत?"