मागची सीट

"तुमच्या हाताला गाडी बरी लगेच सुरू होते, मिस्त्री!" कालिंदी वैतागली होती. "आप्पांना डायलिसिसला न्यायचं म्हटलं की मात्र कधी सुरू होते, कधी ढिम्म."

हणमंत मिस्त्रीने बॅटरी पाहिली, वायरी हलवल्या. दोष कुठेच नव्हता. मग त्याला वीजबचतीचा नवा कायदा आठवला. मागची सीट बसणाऱ्याची नाडी वाचायची आणि माणूस आता फार दिवस जगत नाही, दवाखान्याची फेरी वाया जाणार असं वाटलं, की गाडी जागची हलायची नाही.

"आप्पा, जरा उतरता?"

म्हातारा काठी टेकत मागच्या सीटवरून उतरला. पडद्यावर दवाखान्याचा पत्ता तसाच होता. कालिंदीने बटण दाबलं आणि गाडी सुरू झाली.

आप्पा हसले. "म्हणजे आमची फेरी आता वाया, असंच ना?"

"छे हो, सीटच बिघडलीय." म्हाताऱ्याचं तोंड बघवेना, म्हणून हणमंतने गाडी बंद करायला लावली आणि स्वतःच मागे जाऊन बसला. "हं, ताई, आता करा सुरू. आप्पांना दाखवूच."

गाडी गप्प.

"दाबा की, ताई."

कालिंदीने मागे वळून पाहिलं. तिचं बोट बटणावरच होतं.

"मिस्त्री, मघापासून दाबतेच आहे."