तिऱ्हाईत जागा

कापशीच्या कानातून रक्त यायला लागलं तसा चष्मेवाल्याने दोन्ही सशांवर टॉवेल टाकला आणि भुऱ्याला उचलून घेतलं.

"सवतीसुद्धा इतक्या भांडत नाहीत," तो म्हणाला.

लाँड्रीवाली कापशीला पोटाशी धरून खुर्चीत बसली. खुर्ची डोळे तपासायची होती आणि समोरच्या भिंतीवर लहान लहान होत जाणारी अक्षरं होती. चष्म्याच्या दुकानामागची ही खोली दोन्ही सशांना अनोळखी, म्हणून मुद्दाम निवडलेली. सशाला जिथे स्वतःचा वास येतो ते त्याचं घर, आणि घरात शिरलेल्या दुसऱ्या सशाला तो फाडायला बघतो. म्हणून पहिली भेट तिऱ्हाईत जागेत घडवायची, हे जनावरांच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं.

चष्मेवाल्याची मुलगी भिंतीला टेकून उभी होती. तिची आई गेली त्या वर्षी घरात भुऱ्या आला आणि तेव्हापासून ती त्याला सोडून कुठे राहत नसे. शेजारच्या लाँड्रीवालीचंही कापशीवाचून पान हलत नव्हतं. त्यामुळे लग्नाची बोलणी निघाली तेव्हा चष्मेवाल्यानेच तोडगा काढला. आधी ससे एकत्र नांदू देत, मग आपण. लाँड्रीवालीला त्याचा समंजसपणा आवडला. पहिल्या लग्नात तिचं तोंड चांगलंच पोळलं होतं. ताकही फुंकून पिणारा माणूस तिला बरा वाटला.

तालीम मुलीने घेतली. रोज संध्याकाळी भुऱ्याला घेऊन ती लाँड्रीत यायची. मध्ये जाळी, दोन्हीकडे एकेक ससा. ती वाटीवर चमचा वाजवायची की दोघं धावत येऊन कोथिंबीर खायचे, आणि वाट्या दर खेपेला जरा जवळ सरकायच्या. वासाची सवय व्हावी म्हणून तिने दोघांचं गवतही अदलाबदल केलं. हळूहळू जाळीतून एकमेकांचं नाक चाटण्यापर्यंत मजल गेली. लाँड्रीवाली इस्त्री बाजूला ठेवून बघत राहायची. पोरीच्या हाताला गुण होता.

आणि तरी या खोलीत जाळीशिवाय सोडलं की भुऱ्या अंगावर धावून जायचा. दर रविवारी तेच.

डॉक्टरांनी कापशीच्या कानाला टाके घातले. "आणखी एकदा करून बघा," ते म्हणाले. "पुन्हा असंच झालं तर नाद सोडा. जीव जाईल एखाद्याचा."

बाहेर आल्यावर चष्मेवाल्याने सुस्कारा सोडला. "पुढचा रविवार शेवटचा. नाही जमलं तर आपणही विषय बंद करू. मनाला लावून घेऊ नकोस."

"लावून कसं नको घेऊ?"

"पोरीला काही बोलू नकोस, पण तिच्याच मनात नसावं. आईच्या जागी कुणी यायचं म्हणजे... समजून घे."

घरी आल्यावर लाँड्रीवालीने कापशीच्या पोटाला नाक लावलं. भुऱ्याच्या मुताचा उग्र वास येत होता. सगळं आयुष्य लोकांच्या कपड्यांत गेलेलं, तिचं नाक सहसा चुकत नसे. भुऱ्याने तर तिला नुसते दात मारले होते, मग हा वास फरशीवरूनच आला असणार. कुणीतरी ती खोली आधीच भुऱ्याची करून ठेवली होती.

आणि मघाशी खोलीत मुलीच्या हातांना व्हिनेगरचा वास येत होता, तेही तिला आठवलं. कपड्याचा वास मारायला व्हिनेगर लागतं, हे पोरीला लाँड्रीवालीनेच शिकवलं होतं. म्हणजे करून सवरून हात धुऊन यायचं. या मुलीवर तिचा जीव जडला होता आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

रविवारी चष्मेवाला नेहमीसारखा म्हणाला, "मी पुढे जाऊन खुर्ची हलवतो, तू सावकाश ये." लाँड्रीवाली त्याच्याही आधी निघाली. दुकानाचं मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत मुलगी गुडघ्यांवर बसून फरशी घासत होती.

लाँड्रीवालीने तिचं मनगट धरलं. "काय चाललंय?"

मुलगी दचकली, पण हात सोडवून घेतला नाही. "व्हिनेगर आहे. वास जावा म्हणून."

"कसला वास?"

"भुऱ्याचा. दर वेळी मी पुसून जाते आणि दर वेळी आपण सगळे जमेपर्यंत परत येतो. मला वाटलं, तुम्हीच करता."

"मी? मी कशाला गं करीन?"

"आमच्याकडे यायचं नसेल म्हणून."

लाँड्रीवालीने मनगट सोडलं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. ती खाली बसली आणि मुलीचे लालभडक झालेले हात तिने पदरात घेतले.

"मला यायचंय," ती म्हणाली. "तुला हवी आहे का मी?"

मुलीने मान डोलावली, मग डोळे पुसले.

"मग रडू नकोस. आज इथेच बसू. कोण येतं ते बघू."

खोलीच्या कोपऱ्यात अंधार करायचा काळा पडदा होता. दोघी त्याच्या मागे उभ्या राहिल्या. मुलगी तिला इतकी चिकटली होती की तिच्या छातीचे ठोके लाँड्रीवालीला हाताला लागत होते. आणखी थोडा वेळ, आणि चोर सापडला की लग्न ठरलंच, असं लाँड्रीवाली मनाशी म्हणत होती.

दुकानाचं शटर अर्धं वर गेलं.

चष्मेवाला आत आला. त्याने खोलीचं दार लावून घेतलं, पिशवीतून भुऱ्याच्या पिंजऱ्यातलं मुताने ओलं झालेलं फडकं काढलं आणि तो गुडघे टेकून भिंतीपासून फरशी पुसायला लागला.