निम्म्या पगाराचा स्ट्रायकर

मोबाइलवरच्या फुटबॉल लीगमध्ये चुलतभाऊ खेमराजचा स्ट्रायकर निम्म्या पगारात खेळायचा, आणि ते पाहून गुणवंताचा नुसता जळफळाट व्हायचा. त्याने त्या स्ट्रायकरला दुप्पट पगार देऊ केला, तर गेमने पगाराची मर्यादा दाखवली. मर्यादेत बसायला आपले तीन खेळाडू काढले, तर स्ट्रायकरच नाही म्हणाला.

रामाकोना गावी खेमराजच्या संत्र्याच्या बगीच्यात बसल्या बसल्या त्याने मोबाइल मांडीवर आपटला. "गेमच बेइमानी करून राहिला बे! एवढ्याशा पगारात कोन राह्यते?"

गुढीपाडव्याला गुणवंताच्या शेतावरची जास्त पगाराची सालदारी सोडून खेमराजकडे आलेला भिवाजी शेजारीच झाडांना आळी करत होता.



"मी राह्यतो ना, भाऊ. इथं जेवत्या ताटावरून कोनी उठवत नाही."