शनिवार तेली

सव्वाशे वर्षांची अमेरिका ईवाने सात मिनिटांत बसवली होती. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापासून सुरुवात, मग गुलामगिरी, यादवी युद्ध, रेल्वे, पोलाद असं करत करत शेवटी रॉकेल. सोमवारी शाळेत हिस्टरी प्राइझची फायनल होती. शुक्रवारी दुपारी विलायतेतल्या स्टॅनमोरच्या घरात तिची रंगीत तालीम चालली होती आणि प्रेक्षक एकच होते, तिचे आजोबा रुबेन.

भाषण संपलं. आता आजोबा परीक्षक. टीचरने दिलेला प्रश्नांचा कागद त्यांच्या हातात होता. कौन्सिलच्या हाउसिंग डिपार्टमेंटमध्ये तीस वर्षं त्यांनी भाड्याने घर मागणाऱ्या लोकांना प्रश्नच विचारले होते, त्यामुळे हे काम त्यांना भलतंच मानवलं होतं. दरवेळी चष्मा सावरून, घसा खाकरून ते अशा काही आवाजात विचारत की जणू समोर नात नसून भाडेकरू उभा आहे.

पहिली तीन उत्तरं ईवाने फटाफट दिली. चौथा प्रश्न आजोबांनी मोठ्याने वाचला.

"अमेरिकन तेल जगभर स्वस्तात पोचलं. त्यात अमेरिकेबाहेर कोणाचं नुकसान झालं का?"

"नाही," ईवा म्हणाली. "सगळ्यांना चीप लाइट मिळाला. एव्हरीवन गेन्ड."

"नक्की?"

"टेक्स्टबुकमध्ये तर कोणीच नाही आहे. का? चुकली का मी?"

आजोबांची नजर कागदावरून वर गेली. समोरच्या भिंतीवर घराण्याची वंशावळ लटकत होती. सत्तराव्या वाढदिवसाला त्यांनीच ती हॅरोच्या एका प्रिंटरकडून करून घेतली होती, चांगल्या जाड फ्रेममध्ये. सगळ्यात वर सोनेरी अक्षरांत 'मर्चंट्स ऑफ द कोंकण'. मुलांच्या लग्नांत, सिनॅगॉगमधल्या ज्यू मंडळींत, शेजाऱ्यापाजाऱ्यांत त्यांनी हेच सांगितलं होतं, आणि इतकं ठासून सांगितलं होतं की कोणी कधी उलटून विचारलं नाही. खरं काय ते या घरात फक्त त्यांना ठाऊक होतं.

आता खरं सांगावं तर नातीच्या मनातून उतरणार. पन्नास वर्षांचा खोटेपणा एका दुपारी उघडा पडणार. न सांगावं तर ही पोर सोमवारी सगळ्या शाळेसमोर, झकास इंग्रजीत, आपल्याच माणसांना पुसून टाकणार. वर टाळ्या मिळवणार. आजोबांनी प्रश्नांचा कागद खाली ठेवला.

"चुकलीस," ते म्हणाले.

"मग कोणाचं लॉस झालं?"

"आपलं."

ईवा हसली. आजोबा हसले नाहीत.

"आपण मर्चंट-बिर्चंट कोणी नव्हतो, ईवा. आपण तेली. अलिबागच्या बाजूला एका गावात माझ्या पणजोबांचा घाणा होता. बैल दिवसभर गोल फिरायचा आणि तेल निघायचं. खायला खोबऱ्याचं, दिव्याला उंडीचं. शनिवारी आपला शब्बाथ, म्हणून त्या दिवशी घाणा बंद. गाव आपल्याला शनिवार तेलीच म्हणायचं. मग तुझं ते अमेरिकन रॉकेल पत्र्याच्या डब्यांतून गावात आलं. दिव्याचं तेल कोणी घेईना. पणजोबांनी बैल विकला, बायकापोरं घेऊन मुंबई गाठली. माझा आजा तेव्हा सहा वर्षांचा होता."

ईवाने भिंतीकडे बोट केलं. "देन व्हाय दॅट?"

"लाज वाटायची," आजोबा म्हणाले. "शाळेत पोरं तेली-तेली करून चिडवायची. इथे आलो तर कोणालाच काही माहीत नव्हतं. म्हटलं, सुटलो."

ईवाने ती सोनेरी अक्षरं पुन्हा वाचली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना, आणि आजोबांना तिच्याकडे धड बघवेनाही. मग तिने 'एव्हरीवन गेन्ड' लिहिलेलं कार्ड फाडलं, नवं कोरं कार्ड घेतलं आणि त्यांच्या खुर्चीपाशी कार्पेटवर फतकल मारून बसली.

"सांगा. घाणा किती मोठी होती?"

"माणसाच्या छातीएवढा. लाकडी."

"आणि बैल? कसा होता?"

"डोळ्यांना झापडं बांधायचे. नाहीतर गरगरून पडेल ना बिचारा. शुक्रवारी संध्याकाळी ती सोडायची, ते काम माझ्या आज्याकडे. मग शनिवारभर बैल मोकळ्या डोळ्यांनी अंगणात उभा." आजोबांचा आवाज मोकळा झाला होता. लहानपणी कानावर पडलेलं हे सगळं आपल्याला इतकं नीट आठवतंय, याचं त्यांनाच नवल वाटत होतं. पोरगी भराभर लिहून घेत होती. बोला, आणखी बोला, असं तिचं तोंड झालं होतं. इतका भाव त्यांना या घरात कित्येक वर्षांत मिळाला नव्हता.

"त्याचं नाव काय होता?" तिने विचारलं. "बैलाचं?"

बाकी सगळं आठवत होतं, तेवढं नाव आजोबांना आठवेना.

मुंबईच्या चाळीत आजा रोज संध्याकाळी गॅलरीत बसायचा आणि घाण्याच्या गोष्टी काढायचा. बैलाचं नाव घेऊन घेऊन, चांगला खणखणीत आवाज लावून. शेजारची पोरं ऐकतील म्हणून दहा वर्षांचा रुबेन बॅट उचलून खाली पळायचा.

"आजोबा?" ईवा पेन उचलून वाट पाहत होती. "काय लिहू?"

"लिही," ते म्हणाले. "आजा रोज सांगायचा. मी ऐकायला थांबलो नाही."