परातीतला दगड

"तुळशीपाशी वाटीत ठेवलेला दगड कुठंय?" दादाने विचारलं, तेव्हा वृंदा बाबांच्या फोटोपुढची फुलं सारखी करत होती. तिचा हात थांबला.

टाकून दिलेलं काही दिसलं की वृंदाचे हात शिवशिवायचे. काल तिने परसात पडलेली, पोचे आलेली परात घासली, अंगणातले दगड वेचून तिच्यात रचले आणि त्यांच्या आधाराने बाबांनीच लावलेल्या अनंताच्या फांद्या फोटोपुढे उभ्या केल्या. वाटीतला दगडही तिने उचलला होता.

"अगं, तो जीवखडा!" दादा ओरडला. "त्यानेच मी स्मशानात मडकं फोडलं. दहा दिवस बाबांचा जीव त्यात असतो. आज तो नदीत सोडायचाय, घाटावर गुरुजी खोळंबलेत. यातला कुठला, सांग आता!"

सगळे दगड सारखेच होते, काळे आणि ओले. वृंदाची बोटं नुसतीच त्यांच्यावरून फिरत राहिली. दादाने परात उपडी करायला हात घातला.

"थांब." आई भिंतीला धरून उठली. परातीपाशी येऊन, जराही न चाचपडता तिने एक दगड उचलला, पदराला पुसला आणि दादाच्या हातावर ठेवला. "हाच. जा लवकर."

त्याची मोटरसायकल वळणाआड गेल्यावर वृंदाने विचारलं, "आई, कसा ओळखलास?"

"मी कुठे ओळखला?"

वृंदाने परातीत उरलेल्या दगडांकडे पाहिलं. "मग बाबा यातच राहिले असले तर?"

आईने कललेली फांदी सरळ केली.

"परातीत पाणी घाल," ती म्हणाली. "असले तर असू देत घरीच."